नियुक्त प्रतिनिधी : ना. म. जोशी यांची कायदेमंडळातील कारकीर्द

सात रस्त्याकडून लोअर परळच्या दिशेने जाणाऱ्या ज्या रस्त्याला नगरपालिकेच्या कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग म्हणतात, तो तेथील रहिवाशांच्या बोलण्यात अद्याप डिलाईल रोडच आहे. जुनी नावे जिभेवरून सहसा जात नाहीत; त्यात नव्या नावाचा अवमान असतोच असे नाही. तथापि ज्या गृहस्थाचे नाव या रस्त्यास देण्यात आले, त्याच्या आयुष्यातील सर्वांत प्रदीर्घ कार्य या वस्तीत नव्हे, तर दिल्ली आणि सिमला येथील सभागृहात झाले. १९२१ पासून पुढे सुमारे पाव शतकभर नारायण मल्हार जोशी हे मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत होते. त्या अवधीत त्यांना कोणीही मत दिले नाही, कारण कोणाकडे मत मागण्याचा प्रसंगच त्यांच्यावर आला नाही. सरकारने त्यांची नेमणूक केली होती आणि प्रत्येक नव्या कायदेमंडळाच्या वेळी ती पुन्हा केली.

सरकारने नेमलेला मनुष्य कामगारांचा प्रतिनिधी कसा, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि तो गैरवाजवी नव्हता. मात्र या प्रश्नाचा विचार करताना 'प्रतिनिधी' या शब्दाचा मराठीतील इतिहास ध्यानी घेणे अगत्याचे आहे. राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे प्रल्हाद निराजी यांच्यासाठी जे पद निर्माण झाले, ते 'प्रतिनिधी' हे होय. पुढे हेच पद औंधच्या घराण्यात वंशपरंपरेने राहिले आणि पंतप्रतिनिधी हे त्या घराण्याचे उपनाम झाले. या प्रतिनिधीचे प्रतिनिधित्व प्रजेचे नव्हते. तो छत्रपतींच्या जागी उभा राहणारा, वरून नेमलेला अधिकारी होता. खालून निवडून वर पाठविलेला तो प्रतिनिधी, हा अर्थ या शब्दास इंग्रजी अमदानीतील कौन्सिले आणि निवडणुका यांच्याबरोबर आला. जोशी यांची जागा या दोन अर्थांच्या मध्ये पडते. नेमणूक जुन्या रीतीची आणि अपेक्षा नव्या रीतीची, असा हा प्रकार होता. आणि त्यांच्या कारकीर्दीतील बहुतेक अडचणी याच विसंगतीतून उद्भवल्या असे म्हणावे लागते.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यास शिक्षण, नंतर काही वर्षे शिक्षकी आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश, हा क्रम त्या पिढीतील सुशिक्षित मध्यमवर्गीय ब्राह्मण तरुणास अपरिचित नव्हता. अपरिचित होती ती त्यानंतरची वाट. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना झाली. सर नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष होते आणि जोशी तिचे प्राण. रात्रीच्या शाळा, फिरती ग्रंथालये, सहकारी पतपेढ्या यांचे जाळे लीगने गिरणगावात विणले. परळचे दामोदर ठाकरसी सभागृह याच संस्थेचे. पुढे कामगार रंगभूमीचे ते माहेरघर ठरले.

गिरणगावात कामगारांची बाजू मांडणारे जोशी हे पहिले नव्हेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० नंतरच्या दशकात अर्जविनंत्या आणि सभा यांच्या बळावर जे कार्य केले, त्याचे फळ म्हणून १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी सुरू झाली. १९०९ मध्ये सी. के. बोले प्रभृतींनी कामगार हितवर्धक सभा स्थापिली. सत्यशोधकी वळणाची ही परंपरा स्वतः बहुजन समाजातून आलेली होती आणि कामगारांशी तिचे नाते बोलीचे, जातीगोतीचे, गावकीचे होते. जोशी यांचे तसे नाते नव्हते. त्यांच्यापाशी होती ती आकडेवारी, इंग्रजीवरील प्रभुत्व आणि एखादा विषय वर्षानुवर्षे न सोडण्याची चिकाटी. यांपैकी शेवटचा गुण सर्वांत मोलाचा ठरला.

पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत मुंबईच्या गिरण्यांत १९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षांच्या आरंभी सार्वत्रिक संप झाले. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन वॉशिंग्टन येथे भरले. हिंदुस्थानातील कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांना पाठविले. मद्रासचे बी. पी. वाडिया त्यांचे सल्लागार होते. कामगारांची देशव्यापी संघटनाच अस्तित्वात नसल्यामुळे तिचा कौल घेण्याचा प्रश्न उद्भवला नाही, असे सरकार म्हणू शकत होते. ही उणीव भरून काढणे हे ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईस लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली जन्मास आलेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेमागील एक निकडीचे कारण होते. जोशी यांची नेमणूक आणि त्या नेमणुकीच्या पद्धतीविरुद्ध उभी राहिलेली संघटना या दोन्हींचे नाते असे जवळचे आहे. आणि गंमत अशी की, १९२५ पासून त्याच संघटनेचे मुख्य चिटणीसपद जोशी यांच्याकडे आले.

वॉशिंग्टनच्या परिषदेने कामाच्या तासांविषयी जो करार केला, त्यात इतर देशांसाठी आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. हिंदुस्थानसाठी मात्र ती ६० तासांची ठेवण्यात आली. आज ही सवलत मालकांना दिलेली वाटेल. परंतु १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषास दिवसाला १२ तास राबविण्याची मुभा होती, हे विसरता येत नाही. सरकारने करारास मान्यता दिली आणि १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्यास ६० व दिवसास ११ तास ही मर्यादा आली. मुलांचे किमान वय १२ ठरले. पुढे १९३४ च्या कायद्याने ही मर्यादा ५४ तासांवर आणली आणि १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना संमत झालेल्या दुरुस्तीने ती ४८ वर आली. वॉशिंग्टनमध्ये इतरांस जे १९१९ साली मिळाले, ते डिलाईल रोडवरच्या साचेवाल्याला मिळण्यास सत्तावीस वर्षे लागली. या सत्तावीस वर्षांत आरंभी आणि अखेरीस या विषयाशी निगडित राहिलेली माणसे फार थोडी होती. जोशी हे त्यांतले एक.

१९१९ च्या सुधारणांनुसार स्थापन झालेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात सुमारे १४५ सभासद होते. त्यांपैकी १०४ निवडून आलेले, उरलेले सरकारनियुक्त. मताधिकार मालमत्ता, प्राप्तिकर आणि सारा यांवर आधारलेला असल्याने चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराचे नाव मतदारयादीत येण्याची शक्यताच नव्हती. व्यापारी मंडळ्यांना आणि जमीनदारांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. कामगारांना नियुक्त जागेवर समाधान मानावे लागले. सभागृहाचे कामकाज इंग्रजीत चाले. त्यामुळे 'खाडा', 'बदली', 'पाळी', 'मुकादम' हे शब्द, ज्यांत गिरणी कामगाराचे सारे दुःख साठविलेले होते, ते दिल्लीस पोचेपर्यंत भाषांतरित होत. आणि ज्याच्याविषयी भाषण झाले त्याला ते वाचता येत नसे. लोकप्रतिनिधी आणि त्याचे लोक यांच्यामध्ये भाषेची अशी भिंत असणे ही गोष्ट लहान नव्हे. कोणत्याही चरित्रकाराने जोशी यांच्या अपयशाचा हिशेब मांडताना तिचा विचार करावयास हवा.

सभागृहात येताच त्यांनी जो पहिला मोठा विषय हाती घेतला, तो कामगारसंघांच्या कायदेशीर अस्तित्वाचा. १९२० च्या अखेरीस मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीतील तंट्यात मद्रास लेबर युनियनच्या वाडिया प्रभृती पुढाऱ्यांवर उच्च न्यायालयाने मनाईहुकूम बजावला होता. कामगारांना संपास प्रवृत्त करणे म्हणजे नोकरीचा करार मोडावयास लावणे, आणि त्याबद्दल पुढाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते, हे इंग्लंडमध्ये मागे पडलेले तत्त्व मद्रासेत जिवंत होते. १ मार्च १९२१ रोजी जोशी यांनी कामगारसंघांची नोंदणी व संरक्षण यांसाठी कायदा करण्याचा ठराव मांडला. ठराव मान्य झाला; कायदा व्हावयास १९२६ साल उजाडले आणि अंमलात यावयास १९२७. ठरावाच्या मानाने कायदा कृपणच होता. संरक्षण नोंदलेल्या संघांपुरते राहिले आणि नोंदलेल्या संघास मालकाने मान्यता दिलीच पाहिजे असे बंधन त्यात नव्हते. हा शेवटचा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

१९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा हा त्याच काळातला. यंत्रात सापडून हात गेला तर ती दैवगती, ही समजूत मोडून अपघाताची जबाबदारी मालकावर टाकणारा हा पहिला अखिल भारतीय कायदा होय. याउलट बाळंतपणाच्या भत्त्याविषयी १९२४ मध्ये जोशी यांनी स्वतः मांडलेले विधेयक सभागृहाने फेटाळले. मुंबईच्या गिरण्यांतील वाइंडिंग आणि रिळिंग ही खाती मुख्यतः स्त्रियांची. बाळंतपणासाठी गेलेल्या बाईचा रोजगार बुडे आणि परत आल्यावर जागा मिळणे नायकिणीच्या मर्जीवर राही. दिल्लीत हरलेला हा विषय मुंबईच्या कौन्सिलात रा. स. असवले यांनी उचलला, १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तेथे त्यास जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये देशातील पहिला प्रसूती-लाभ कायदा मुंबई इलाख्यात संमत झाला. सबंध देशासाठी तसा कायदा होण्यास १९६१ पर्यंत थांबावे लागले. विधेयक पडले म्हणजे श्रम वाया गेले असे होत नाही, हे येथे दिसते. मात्र श्रेय वाटताना असवले यांचे नाव नेहमी मागे पडते, याचीही नोंद केली पाहिजे.

दीर्घकाळ एकाच सभागृहात बसणाऱ्या लोकप्रतिनिधीचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील जॉन डिंगेल यांचे नाव घेतले जाते. मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट परिसरातून ते डिसेंबर १९५५ मध्ये, वडिलांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि जानेवारी २०१५ पर्यंत, म्हणजे ५९ वर्षांहून अधिक काळ, तेथे राहिले. राष्ट्रीय आरोग्यविम्याचे विधेयक वडिलांप्रमाणेच त्यांनीही प्रत्येक नव्या काँग्रेसमध्ये पुनःपुन्हा मांडले. चिकाटीची जात एकच. पण डिंगेल यांना दर दोन वर्षांनी कारखान्यांच्या दारांशी जाऊन मते मागावी लागत आणि म्हणून परत गेल्यावर ते मतदारांच्या नावाने बोलू शकत. जोशी यांना असा आधार नव्हता. त्यांना दर वेळी आपले प्रतिनिधित्व सभागृहाबाहेर, संपाच्या सभेत सिद्ध करावे लागे.

तशी परीक्षा १९२५ मध्ये झाली. गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि संप सुरू झाला. देशी कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कराचे ओझे असल्याने कपातीवाचून गत्यंतर नाही, असे मालकांचे म्हणणे होते. डिसेंबरात सरकारने तो कर तहकूब केला आणि कपात मागे घेण्यात आली. मुंबईच्या रस्त्यावरील तंटा आणि दिल्लीतील करनीती यांचा सांधा इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो. या संपानंतर, १९२६ च्या आरंभी, जोशी यांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली, र. रा. बखले तिचे चिटणीस झाले.

दुसरी परीक्षा अधिक कठीण होती. १९२८ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत या मालकांच्या योजनेने असंतोष पेटला होता. संयुक्त संपसमितीत जोशी आणि बखले यांच्या शेजारी डांगे, मिरजकर, निंबकर, झाबवाला, तसेच स्वतः गिरणीत काम केलेले आळवे आणि कासले हे बसले. मराठीत 'संप' हा शब्द काम बंद पाडण्याच्या अर्थाने रूढ आहे. गुजरातीत मात्र तोच शब्द एकी आणि सलोखा या अर्थी वापरतात. गिरणगावात मालक बहुधा गुजराती आणि कामगार मराठी, हे ध्यानी घेता या शब्दाचे दुहेरी आयुष्य मौजेचे आहे. १९२८ च्या संपसमितीत तो दोन्ही अर्थांनी खरा झाला होता, पण सहा महिन्यांपुरताच. संप मिटल्यावर लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या घरात गेली आणि जोशी यांची युनियन तिच्या छायेत पडली. कामगाराने मेळ्यात, जाहीर सभेत आपल्या बोलीतून जे पुढारी ऐकले, त्यांच्यामागे तो गेला. यात अनैसर्गिक काही नव्हते.

मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी कामगारपुढाऱ्यांची धरपकड झाली. त्याच वेळी सरकारने सहानुभूतीच्या संपांना बंदी घालणारे औद्योगिक तंट्यांचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. सरकारनियुक्त जोशी यांनी त्यास विरोध केला. विधेयक तरीही संमत झाले आणि ८ एप्रिल रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले ते याच दिवसांत. नेमणूक करणाऱ्याविरुद्ध मत देण्याचे स्वातंत्र्य जोशी यांनी नेहमीच राखले, याविषयी त्यांच्या विरोधकांनाही शंका नव्हती. परंतु त्याच वर्षी ते व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूरविषयक शाही आयोगाचे सभासद झाले, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात नागपूर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ट्रेड युनियन काँग्रेसने आयोगावर बहिष्काराचा ठराव केला. जोशी, व्ही. व्ही. गिरी, दिवाण चमनलाल आदी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. स्वतः उभी केलेली संस्था सोडून जाण्याचा हा निर्णय जोशी यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त होय.

बहिष्कारवाद्यांचे म्हणणे तत्त्वतः खोटे नव्हते: परक्या सरकारचा आयोग कामगारांचे राज्य आणणार नव्हता. जोशी यांचा हिशेब निराळा होता, आणि १९३६ च्या वेतन-अदायगी कायद्याने तो बऱ्याच अंशी खरा ठरला. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला मिळे. म्हणजे नव्याने लागलेल्या कामगारास सहा आठवडे उधारीवर काढावे लागत आणि वाण्याचे व पठाणाचे देणे तेथूनच मागे लागे. विणलेल्या कापडात खोट निघाली तर तो तागा विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची चाल होती. दंडाला सीमा नव्हती. या सर्व गोष्टी आयोगाच्या १९३१ च्या अहवालात नमूद झाल्या. कायद्याने पगार हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात सात दिवसांच्या आत आणि इतरत्र दहा दिवसांच्या आत देणे बंधनकारक केले, आणि दंडाची मर्यादा पगाराच्या रुपयामागे अर्धा आणा ठरविली. अर्ध्या आण्याचा हा विजय सभांतून गाजण्यासारखा नव्हता. डिलाईल रोडच्या सरकारी चाळींतील कामगाराच्या पगारपाकिटात मात्र तो दर महिन्याला मोजता येत होता.

तीनही गोलमेज परिषदांना जोशी हजर होते. प्रौढ मताधिकार आणि कामगारविषयक कायद्यांचा अधिकार मध्यवर्ती सरकारकडे असणे या दोन मागण्या त्यांनी तेथे धरून ठेवल्या. दुसरी अंशतः फळास आली. पहिलीच्या जागी १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत कामगारांसाठी काही राखीव मतदारसंघ दिले. मुंबईत त्यांची संख्या ७ होती. याच कामगार मतदारसंघाच्या मार्गाने १९४६ मध्ये श्रीपाद अमृत डांगे मुंबईच्या विधानसभेत गेले, आणि १९५७ मध्ये प्रौढ मताधिकाराने मध्य मुंबईतून लोकसभेत.

१९४० मध्ये दुभंगलेल्या संघटना पूर्णतः एकत्र आल्या आणि ट्रेड युनियन काँग्रेसचे मुख्य चिटणीसपद जोशी यांच्याकडे पुन्हा आले. १९४८ पर्यंत ते त्यांच्याकडे होते. त्यांच्याभोवतीचे बहुतेक कार्यकर्ते आता कम्युनिस्ट होते. मवाळ परंपरेतला साठी उलटलेला माणूस आणि लाल बावट्याचे तरुण यांची ही सोबत वरवर विचित्र दिसते. तिचे एक कारण १९४१ च्या देवळी छावणीच्या प्रकरणात सापडते. राजपुतान्यातील त्या छावणीत स्थानबद्ध असलेल्या राजकीय कैद्यांनी उपोषण केले तेव्हा जोशी तेथे गेले, त्यांच्या तक्रारी समजून घेतल्या आणि त्या सरकारपुढे मांडल्या. आपल्याला 'सुधारणावादी' म्हणून हिणविणाऱ्यांसाठी ते गेले होते, याची त्यांनी कोठे वाच्यता केल्याचे दिसत नाही. ३० मे १९५५ रोजी ते निवर्तले.

त्यांनी ज्यांच्यासाठी सभागृहात वर्षे घालविली, ते कायदे आता स्वतंत्रपणे उरलेले नाहीत; १९२३, १९२६ आणि १९३६ चे तीनही कायदे २०१९ व २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या श्रमसंहितांत विलीन करण्यात आले. १९२६ च्या कायद्यात राहून गेलेली मान्यतेची तरतूद १९४७ च्या दुरुस्तीने करण्यात आली होती, परंतु ती दुरुस्ती कधीच अंमलात आणली गेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांपुरता हा प्रश्न १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने सोडविला: एका उद्योगात एकच संघ 'प्रातिनिधिक' मानावयाचा आणि वाटाघाटी त्याच्याशीच करावयाच्या. हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघास मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत बोनस आणि पगार यांच्याबरोबर हे कलम रद्द करण्याची मागणीही होती. कामगार एका बाजूस उभे होते आणि कायद्याने नेमलेला त्यांचा प्रतिनिधी दुसऱ्या. मालकांनी व सरकारने बोलणी करण्यासाठी कायद्याचेच बोट धरले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही.